भावाच्या कार्डांचा क्रम

माझा भाऊ कॉम्प्युटरवर काम करतो, हे मी आपणहून कुणाला सांगत नसे. सांगितलं की पुढचा प्रश्न येई, म्हणजे नेमकं काय करतो, आणि तिथं मला गप्प बसावं लागे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्या चार वर्षांतही मी वर्गात कधी हात वर केला नाही. उत्तर येत असलं तरी तोंडातून शब्द फुटायचा नाही. हे लिहिते आहे तेसुद्धा मुली शाळेत गेल्यावर, आणि दारात कुणाची चाहूल लागली की वही गादीखाली जाते.

भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आमचं माहेर धावड्याचं. आई दुसऱ्याच्या रानात कामाला जायची तेव्हा तो माझ्या कडेवर असायचा. गावातली शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं भोकरदनला जावं लागे, आणि मुलीला तिकडं कोण पाठवणार? त्याच्या वेळेला मात्र वडिलांनी हट्ट धरला. मग शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, औरंगाबाद, इंजिनिअरिंगचं कॉलेज, आणि शेवटी मुंबईतलं एक मोठं ऑफिस, जिथं कॉम्प्युटर होता. तोवर माझं लग्न होऊन मी जालन्यात, मस्तगडात दोन खोल्यांच्या घरात आले होते. मुलींचे वडील जिनिंग फॅक्टरीत फिटर. दोघी मुलींच्या पाठीवर आणखी मूल झालं नाही.

भाऊ सुट्टीत आला की त्याच्या कामाचं बोलणं मुलींच्या वडिलांशी व्हायचं. मी चुलीपुढं पाठ करून भाकरी थापत असायची, म्हणून त्यांना वाटे मी ऐकत नाही.

"दाजी, समजा तुमच्या जिनिंगमधलं जुनं इंजिन काढलं अन् नवं बसवलं," तो एकदा म्हणाला. "जुने पट्टे, जुन्या चकत्या नव्याला बसतील का?"

"कशाच्या बसतेत? सगळं नव्यानं करावं लागतं."

"तेच आमच्याकडं व्हऊन राह्यलंय. जुनं मशीन जाणार, नवं येणार. जुन्यासाठी लोकांनी इतकी वर्षं लिहिलेलं काम नव्याला कळतच न्हाई. मी असं लिहून राह्यलोय, की नव्या मशीननं आपल्या पोटात जुन्या मशीनचं सोंग घ्यावं. जुन्या कामाला वाटावं, आपण आपल्या जुन्याच मशीनवर आहोत."

"म्हंजे फसवायचं."

"फसवायचंच. पण बराबर फसवायचं. एका जागी सोंग उघडं पडलं की सगळं गेलं."

"इंजिनिअर करायला पाठवला अन् सोंगाड्या झाला म्हणा की पाव्हणा," मुलींचे वडील म्हणाले, आणि दोघं हसले.

पुढं तो असंही म्हणाला, की एकाच मशीनच्या पोटात अशी चार-पाच मशीनं बसवता येतील, आणि प्रत्येक माणसाला वाटेल की सगळं मशीन आपलंच आहे. आमच्या गल्लीत पाच घरांना मिळून एक नळ होता आणि प्रत्येकीला तो आपलाच वाटायचा. रोज भांडणं. माझ्या मनात आलं, तिथंही भांडणं होतील.

त्याच्या वरच्या साहेबांना ही कल्पना पटलेली नव्हती. चाळीस माणसं बसवून सगळं काम नव्यानं लिहून घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. भाऊ आपलं ठरलेलं काम उरकून, मशीन रिकामं मिळेल तेव्हा हे करायचा. दोन वर्षं त्यानं त्यात घातली होती. अंगावर मांस राहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तो आला तो एक पुठ्ठ्याची लांबट पेटी घेऊन. आत शेकडो कार्डं उभी लावलेली. पिवळसर, ताठ कागदाची, प्रत्येकाचा एक कोपरा कापलेला, अंगभर बारीक चौकोनी भोकं आणि वरच्या कडेला इंग्रजी अक्षरांची एक ओळ. मशीन ती भोकं वाचतं, एका कार्डात एक ओळ, असं त्यानं सांगितलं. पेटीवर घड्या घातलेल्या रुंद कागदाचा एक गठ्ठा होता. कागदाच्या एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू कोरी.

"अक्का, ही दुसरी प्रत. पहिली ऑफिसच्या कपाटात आहे. तिथं काही झालं तर ही पाहिजे."

"तुझ्या खोलीवर ठेव की."

"खोलीत आम्ही सहा जण. अन् मुंबईची हवा ओली, कार्डं फुगतात. फुगलेलं कार्ड मशीन घेत न्हाई. तुमची हवा कोरडी."

"मंग आईकडं?"

"धावड्याला उंदीर."

मला ती जबाबदारी नको होती. पण त्याला नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही.

"नीट ऐक," तो म्हणाला. "पाण्याजवळ न्हाई, भिंतीला लागून न्हाई. मुलींनी हात लावायचा न्हाई. अन् क्रम बिलकुल मोडायचा न्हाई. पहिल्या कार्डापासून शेवटच्या कार्डापर्यंत, आहे तसंच. चार कार्डं इकडची तिकडं झाली तर मशीन भलतंच करून बसतं."

मी पेटी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि जुन्या लुगड्यानं झाकली. कागदाच्या गठ्ठ्याबद्दल तो काहीच बोलला नाही. मीही विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि वह्या मिळेनात. त्या वर्षी कागदाची टंचाई होती. थोरली चौथीत, धाकटी दुसरीत. थोरलीचे गुरुजी कडक, वही नसली की वर्गाबाहेर. एक दिवस फळी आवरताना मी तो गठ्ठा काढला आणि त्यातला एक कागद डब्याखाली अंथरून बघत होते, तेवढ्यात शेजारची खाला आली. तिचे मालक जिल्दसाजी करायचे. ते गेल्यावर पुस्तकं बांधायचं काम ती स्वतः करत होती, आणि कागद दिसला की तिची बोटं आधी तो चाचपायची.

"अगे, इत्ता अच्छा कागद अन् तू डब्बे के नीचे बिछाती?" ती म्हणाली. "पिच्छे से कोरा है ना पूरा. ला इधर. वह्या करके देती मैं."

"भावाचा आहे, खाला."

"भाई ने क्या बोला?"

"पेटीला हात लावू नको म्हणला."

"मंग पेटी को हात नक्को लगा. ये तो रद्दी है. छपा हुआ कागद रद्दीच रहता."

मलाही तेच वाटलं. छापून झालेला कागद म्हणजे झालेलं काम; मोलाचं होतं ते पेटीत. तिनं तो गठ्ठा मधोमध कापला. उजवीकडचे अर्धे कागद दोन्ही बाजूंनी जवळजवळ कोरेच निघाले. डावीकडच्यांवर एका अंगाला इंग्रजी. घड्या घालून, दोऱ्यानं शिवून तिनं पाच वह्या केल्या. दोन-दोन माझ्या मुलींना, एक तिनं आपल्या नातीला ठेवली. मुली खूष, आणि मला आपण काही हुशारी केल्यासारखं वाटलं.

दसऱ्याच्या आधी घर पोतारायला काढलं. सगळं सामान अंगणात न्यायचं होतं. मी स्टुलावर चढून पेटी उतरवली, छातीशी धरली, आणि खाली पाय टेकला तेव्हा पेटीचा तळ उघडला. कार्डं पाण्यासारखी पसरली. खाटेखाली गेली, पाट्या-वरवंट्याच्या मागं गेली. दोन-तीनशे कार्डं पेटीत उभी राहिली, बाकीची सगळी जमिनीवर.

घरात कुणी नव्हतं. मी दार लावून घेतलं. एकेक कार्ड उचलून पदरानं पुसलं. कापलेले कोपरे सगळे एका बाजूला आले की दिसायला पहिल्यासारखंच दिसत होतं. तळाला आतून पुठ्ठा लावला, खळ लावून चिकटवला, झाकण घातलं, लुगडं टाकलं. मुलींच्या वडिलांना सांगितलं नाही. भावाला पत्र लिहायला बसले आणि खुशाली लिहून बंद केलं.

तेव्हापासून माझं मन कशात लागेना. दिवसातून चारदा त्या फळीकडं नजर जाई. भाजीत मीठ दोनदा पडे, नाहीतर पडतच नसे. कधी वाटे, पहिली प्रत आहे ना ऑफिसात, ही कुणाला लागणारच नाही. कधी वाटे, आताच्या आता कळवून टाकावं. पोस्टकार्ड आणून ठेवलं होतं, ते आणून ठेवलेलंच राहिलं. कुणी भावाची चौकशी केली की मी विषय बदलायची. खाला एकदा म्हणालीच, "तेरे भाई से झगडा हुआ क्या?"

पौषात एका सोमवारी त्याचं पत्र आलं. ऑफिसातल्या थंड हवेच्या यंत्राची नळी गळून कपाटातली कार्डं भिजली होती. ज्या टेपवर हेच काम उतरवलेलं होतं, ती टेप कुणीतरी पुसून दुसऱ्या कामाला घेतली होती. पुढच्या बुधवारी साहेब लोक त्याचं काम मशीनवर चालवून बघणार होते. चाललं तर नव्या मशीनचं काम त्याच्याकडं येणार. नाही चाललं तर ते चाळीस माणसांवाल्यांचं खरं, आणि याची बदली कार्डं टोचण्याच्या खात्यात. खाली लिहिलं होतं: मी रविवारी पेटी न्यायला येतो. आता सगळं तुझ्या पेटीवर आहे, अक्का.

पत्र हातात घेऊन मी उंबऱ्यावर बसून राहिले. दूध उतू गेलं तेव्हा उठले.

दुपारी थोरलीची वही उघडी पडली होती. वाऱ्यानं पान उलटलं आणि मागची इंग्रजी ओळ दिसली. मी फळीवरून एक कार्ड काढून त्या पानाशी धरलं. कार्डावरची ओळ पानावर नव्हती. दुसरं कार्ड घेतलं, मग तिसरं. दहाव्या-बाराव्या कार्डाची ओळ पानावर जशीच्या तशी होती. पुढचा भाग कापला गेलेला, पण सुरुवात तीच. ज्याला मी रद्दी समजत होते, तोच पेटीचा क्रम होता.

इंग्रजी मला येत नव्हतं. कॅलेंडरावरचे आकडे तेवढे ओळखीचे. मग मी अक्षरांना नावं दिली. एक तिवई, एक बांगडी, एक अर्धी बांगडी, एक खुंटी, एक साप. पहिलं अक्षर तिवईचं असलेली कार्डं एका ताटात, खुंटीची दुसऱ्या ताटात, अशी घरातली सगळी ताटं जमिनीवर मांडली. मग वहीतली एकेक ओळ घ्यायची आणि त्या ताटात तिचं कार्ड शोधायचं. पण वह्या शिवताना कागद उलटसुलट गेले होते. पानाच्या शेवटची ओळ आणि दुसऱ्या पानाची पहिली ओळ जुळते की नाही, हे मला कसं कळणार? ते सुटलं एका योगायोगानं. कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रत्येक पानाचा आकडा छापलेला होता.

मुलींचे वडील कामावरून आले तेव्हा ताटं मांडलेलीच होती.

"जेवायला पंगत बसून राह्यली का पत्ते?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते हातपाय न धुताच खाली बसले. एका ताटातलं कार्ड उचलून त्यांनी उजेडाकडं धरलं. मग म्हणाले, "मला न्हाई सांगितलंस ते जाऊ दे. त्याला सांगणार का?"

"क्रम लागला तर कशाला सांगायचं?"

"अन् न्हाई लागला तर?"

मी पुढचं कार्ड उचललं. त्या दिवशी आम्ही परातीत जेवलो.

धाकटीच्या वह्या घरात होत्या. थोरलीची एक घरी, एक शाळेत. तपासनीस येणार म्हणून गुरुजींनी सगळ्यांच्या वह्या कपाटात ठेवून घेतल्या होत्या. थोरली म्हणाली, "मी न्हाई मागणार. मला मारतील." म्हणून बुधवारी मी गेले. मुलीच्या शाळेत जायची ती माझी पहिली वेळ. फाटकाशी दोनदा जाऊन परतले. तिसऱ्यांदा आत गेले ते मागून एक बाई येत होती आणि परत फिरायला जागा नव्हती म्हणून.

गुरुजी म्हणाले, "वही देता येत नाही. परवा तपासणी आहे."

"वही नको. मागची बाजू पाहिजे."

"कशाची मागची बाजू?"

"पानांची."

त्यांनी वही काढून उलटीपालटी केली. "हे काय आहे?"

"भावाचं काम आहे."

एवढंच बोलता आलं. माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी व्हरांड्यात बाक टाकून दिलं. म्हणाले, "इथं बसून उतरवून घ्या. वही बाहेर जाणार नाही." मी पेन्सिलीनं प्रत्येक ओळीची पहिली आठ-दहा अक्षरं काढायला लागले. चित्र काढावं तशी. मधल्या सुट्टीत पोरी भोवती जमल्या. थोरली लांब उभी राहून दुसरीकडंच बघत होती.

गुरुजी येऊन वाकले. "ताई, हे अक्षर उलटं काढताय."

"मला असंच जुळवायचंय."

"मग चालू द्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तोवर गुरुजींनी मोडकं असलं तरी एक टेबल आणून ठेवलं होतं.

खालाच्या नातीची वही मात्र कधीच भरून गेली होती, आणि ती किराणावाल्याकडं पुड्या बांधायला गेली होती. खाला स्वतः दुकानात जाऊन रद्दी उपसून आली. सहा पानं मिळाली, तीही जिऱ्याच्या वासाची. बाकीची कुणाच्या घरी हळद घेऊन गेली असतील.

"मैंने बोली रद्दी है," ती दारात उभी राहून म्हणाली. "गलती मेरी."

"तुम्ही विचारलं होतं, खाला. मीच न्हाई विचारलं."

ती आत येऊन बसली. तिला तर मराठीही वाचता येत नसे, पण आकार जुळवण्यात ती माझ्यापेक्षा जलद निघाली. शनिवारी दुपारपर्यंत आम्ही दोघींनी पेटी भरत आणली. काही ओळी अगदी सारख्या होत्या, त्यांचं काहीही पुढं-मागं झालं तरी चालेल असं मी मनाला समजावलं. शेवटी हातात एक जाडसर गड्डा उरला. शंभराच्या वर कार्डं, ज्यांचं पान कुठंच नव्हतं. हा गड्डा पेटीत कुठं यायचा, ती जागा कळत होती, कारण अलीकडची आणि पलीकडची पानं होती. आतला क्रम मात्र कळायला वाट नव्हती. मी तो गड्डा जुन्या पातळाच्या काठानं बांधला आणि त्याच्या जागी उभा करून ठेवला.

मग काठ सोडला. काठ दिसला असता तर भावानं विचारलं असतं. न बांधता ठेवला तर पेटी एकसारखी दिसत होती. मी झाकण लावलं. स्वयंपाकाला बसले, आणि अर्ध्या भाकरीवर उठून पुन्हा झाकण काढलं, काठ बांधला. रविवारी सकाळपर्यंत तो काठ मी तीन वेळा सोडला आणि बांधला.

भाऊ मनमाडकडून छोट्या लाइनीच्या गाडीनं आला. डोळे खोल गेले होते. चहा घेता घेता म्हणाला, "अक्का, सगळीकडून बुडालो होतो बघ. तुझ्याकडं ठेवली म्हणून वाचलो." मुलींच्या वडिलांनी माझ्याकडं बघितलं आणि ते उठून बाहेर गेले. मी त्याला जेवायला वाढलं. त्याच्या परतीच्या गाडीला तीन तास होते, मग दोन. मी एकदा तोंड उघडलं आणि विचारलं, "अजून भाजी घेतोस का?"

त्यानं हात धुतले, पेटी खाली घेतली आणि झाकण काढलं. काठ बांधलेलाच होता.

"हे काय?"

"ती पडली होती," मी म्हणाले. "दसऱ्याच्या आधी. सगळी पडली होती."

मग मला थांबताच येईना. तळ उघडला तिथपासून पुड्यांपर्यंत सगळं सांगितलं. तो ऐकत उभा होता. वह्यांचं आलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला.

"कागद?" तो म्हणाला. "कागदाच्या वह्या केल्या? अगं, त्याच्यावर सगळ्या शेवटच्या दुरुस्त्या होत्या. माझ्याकडं आहे तो जुना."

"तू कागदाचं सांगितलं न्हाईस."

"हे काय सांगायला पाहिजे?"

"मला पाहिजे होतं."

इतकं मी त्याला आयुष्यात कधी बोलले नव्हते. तो खाली बसला. पेटीतली कार्डं चाळू लागला. मधून दहा-दहा कार्डं काढून ओठ हलवत वाचायचा आणि परत ठेवायचा. एका जागी त्यानं दोन कार्डांची अदलाबदल केली. पुढं आणखी एका जागी.

"हे कुणी लावलं?"

"मी. अन् खालानं."

"इंग्रजी कुणी वाचलं?"

"कुणीच न्हाई. बघून लावलं."

त्यानं काठाचा गड्डा हातात घेतला. "हा एवढा लागला न्हाई?"

"न्हाई."

"हे तू न सांगता दिलं असतंस," तो हळूच म्हणाला, "तर बुधवारी मशीन सगळ्यांसमोर भलतंच करून बसलं असतं. अन् मी समजलो असतो, माझं डोकंच चुकलं." रागावला होता की नाही, मला कळलं नाही. सगळ्या वह्या त्यानं पिशवीत घातल्या. धाकटी रडायला लागली, कारण तिचे पाढे त्यात होते. गाडीला जाताना त्यानं पेटी दोन्ही हातांनी धरली होती, म्हणून मला नीट निरोपही घेता आला नाही.

ते दहा दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी आत जायची.

पत्र आलं ते छोटंसं. मशीन चाललं. दोनदा अडलं, दोन्ही वेळा त्याच भागात. गड्डा त्यानं वापरलाच नव्हता. तेवढं काम सोमवारी आणि मंगळवारी बसून नव्यानं लिहिलं, आणि ते आधीपेक्षा आखूड झालं, बरं झालं, असं त्यानं लिहिलं होतं. साहेबांनी अजून महिनाभर बघू म्हटलं होतं. ते आखूड आणि बरं झालं हे खरं, की मला बरं वाटावं म्हणून लिहिलं, हे मला आजही ठरवता येत नाही.

महिन्याचं वर्ष झालं, पण नव्या मशीनचं काम त्यालाच मिळालं. पुढं दुसऱ्या ऑफिसात गेला, तिथं त्याचं काम प्रती ठेवण्याचंच. एका सुट्टीत दाजींना सांगत होता, की सगळी ऑफिसं दर आठवड्याला टेपांच्या प्रती काढतात, कपाटाला कुलूप लावतात आणि ती प्रत कुणी कधी वाचून बघत नाही. त्यानं असं काही लिहिलं, की मशीन प्रत काढतं, मग ती प्रत पुन्हा वाचून मूळच्या ओळीशी ओळ जुळवतं, आणि जुळली तरच काम झालं म्हणतं. दुसऱ्या खेपेला जेवढं बदललं असेल तेवढ्याचीच प्रत काढतं.

"म्हंजे तुझ्या बहिणीनं पाच दिवस केलं ते," मुलींचे वडील म्हणाले.

"हौ," तो म्हणाला आणि ताटाकडं बघत राहिला. मी पाणी आणायला आत गेले.

त्याच खेपेला त्यानं आणखी एक पेटी आणली होती. मी म्हणाले, "भाऊ, या वेळी दुसऱ्या कुणाकडं ठेव." तो म्हणाला, "पेटी पडली तर दुसरा कुणी सांगणार न्हाई मला." या कार्डांवर क्रमांक आहेत, कॅलेंडरातल्यासारखे. महिन्यातून एकदा पेटी उतरवायची, क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे आणि पोस्टकार्डावर दोन शब्द लिहून पाठवायचे, असं त्यानं ठरवून दिलं आहे.

मी लिहिते, बरोबर आहे. कार्ड पोस्टाच्या पेटीत टाकून घराकडं वळते, आणि चावडीपर्यंत आले की वाटतं, मधली दोन कार्डं एकमेकांना चिकटून आली असतील आणि एकाचा क्रमांक वाचायचा राहिला असेल. मग घरी येऊन पदर खोचते, स्टूल ओढते आणि पहिल्यापासून वाचायला लागते.